घरात पत्ते वाटणारा एकच असावा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांचा प्रश्न आधी देतो. "जनकगंजातल्या आमच्या वाड्यात तळमजल्यावरच्या बैठकीत माझा संगणक आहे. तीन वर्षांपूर्वी मुलाने त्यात आयपी पत्ता हाताने भरून दिला होता, १९२.१६८.०.५०. गेल्या महिन्यात फायबरचे नवे कनेक्शन घेतले. नवा डबा बैठकीत बसला, संगणकाची तार त्यात गेली आणि जुना राउटर माडीवर नेला, कारण दगडी भिंतींतून वाय-फाय वर पोहोचत नव्हते. तेव्हापासून या संगणकावर यूट्यूब चालते, पण बँकेचे पान उघडत नाही. पत्ता ऑटोमॅटिक केला की सगळी पाने उघडतात, मात्र माडीवरचा प्रिंटर सापडत नाही. शिवाय लाइट जाऊन आली की माडीवर सूनबाईंच्या लॅपटॉपलाही तो ऑफलाइन दिसतो. संगणकात नेमके कोणते आकडे भरावेत?"

आकडे पुढे सांगतोच, परंतु ते भरण्याची वेळ आपल्यावर बहुधा येणार नाही. आपल्या पहिल्या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे; लाइटीच्या तिसऱ्या तक्रारीचे कारण पुढे वेगळे सांगतो. वाड्यात सध्या पत्ते वाटणारे दोघे आहेत, एक खाली आणि एक माडीवर, आणि आपल्या संगणकाने मात्र माडीवरच्या नेटवर्कचा पत्ता धरून खालच्या नेटवर्कमध्ये बिऱ्हाड केले आहे. मी बावीस वर्षे लष्कर आणि मुरार भागातल्या घरांत व लहान दुकानांत नेटवर्क लावण्याचे काम करतो, आणि माझा अनुभव असा की संगणकात हाताने भरलेले आकडे हे बहुतेक वेळा कोणत्या तरी जुन्या दुरुस्तीचे अवशेष असतात. ज्या अडचणीसाठी ते भरले होते ती केव्हाच संपलेली असते. आकडे तेवढे मागे राहतात आणि पुढच्या बदलाच्या वेळी आडवे येतात.

पत्त्याची रचना थोडी समजून घेतली तर पुढचे सगळे सोपे जाईल. आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची यंत्राची ओळख, हा मुळात बत्तीस बिटांचा (० किंवा १ च्या बत्तीस जागांचा) एकच आकडा असतो. माणसाला तो वाचता यावा म्हणून त्याचे आठ-आठ बिटांचे चार तुकडे करून मध्ये टिंबे देतात, आणि म्हणूनच प्रत्येक तुकडा ० ते २५५ यांच्या बाहेर जात नाही. ही मांडणी सप्टेंबर १९८१ ची आहे. तिच्यात सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात, आणि ते जगाला पुरणार नाहीत हे लवकरच दिसू लागले. फेब्रुवारी १९९६ च्या नियमाने तीन टापू खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत: १० ने सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे सर्व. म्हणूनच आपल्या घरातल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो, शेजारच्यांच्या राउटरचाही तोच असू शकतो, आणि दोघांचे भांडण होत नाही. हे पत्ते घराचा उंबरठा ओलांडतच नाहीत. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक निरोपावर राउटर घरातला पत्ता काढून स्वतःचा बाहेरचा पत्ता घालतो.

आता सबनेट मास्क. लष्करचा पिन कोड ४७४००१ आणि मुरारचा ४७४००६. (पिन कोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, हे आठवले की मला उगाचच बरे वाटते.) पत्रावरचा पिन पाहूनच टपालवाले ठरवतात की हे पत्र इथेच वाटायचे की पुढे पाठवायचे. संगणकही तेच करतो. फरक इतकाच की पिन कोड नेहमी सहाच आकड्यांचा असतो, तर आयपी पत्त्यात पिनचा भाग किती आणि घर नंबरचा भाग किती, हे दर वेळी मास्क सांगतो. २५५.२५५.२५५.० याचा अर्थ पहिले तीन तुकडे पिनसारखे आणि शेवटचा तुकडा घर नंबर. काहीही पाठवण्याआधी संगणक स्वतःचा आणि समोरच्याचा पत्ता या मास्कमधून पाहतो. पिनचा भाग सारखा निघाला तर समोरच्याला थेट हाक मारतो, आणि वेगळा निघाला तर निरोप गेटवेकडे, म्हणजे राउटरकडे सोपवतो.

आपल्या बैठकीत नेमके काय होते ते आता दिसेल. बँकेचे पान मागितले की संगणक गेटवेला हाक मारतो, आणि त्याला शिकवलेला गेटवे १९२.१६८.०.१ आहे. या पत्त्याचा राउटर आता माडीवर आहे, आणि तो पत्ता त्याने फक्त आपल्या मागच्या, माडीवरच्या नेटवर्कपुरता ठेवला आहे. खालच्या नव्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असावा, त्याला हाक ऐकू येते, पण ती त्याच्या नावाने नसल्यामुळे तो उत्तर देत नाही. तिसऱ्या तुकड्यात शून्याच्या जागी एक आला आहे, एवढाच हा फरक.

मग यूट्यूब कसे चालते, असे आपण विचाराल. मला हा आपल्या प्रश्नातला सर्वांत बोलका भाग वाटला. वर सांगितलेले सगळे पत्ते आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे आहेत. सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा असतो, आणि तो संगणक स्वतःच, राउटरने नेटवर्कवर केलेली जाहिरात ऐकून तयार करतो. मुलाने भरलेल्या आकड्यांचा या दुसऱ्या पत्त्याशी संबंध येत नाही. म्हणून ज्या संकेतस्थळांनी सहाव्या आवृत्तीची सोय केली आहे ती आपल्याकडे उघडतात, आणि ज्यांनी केवळ चौथीच ठेवली आहे ती उघडत नाहीत. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातले चिन्हही इंटरनेट जोडलेले आहे असेच दाखवत राहते, आणि माणूस बँकेला दोष देत बसतो. एक सावधगिरीची सूचना इथेच करतो. कोणी तरी आपल्याला सहाव्या आवृत्तीची खूण काढून टाकण्याचा सल्ला देईल. तो मानू नये. त्याने बिघाड दुरुस्त होत नाही, जे चालते आहे तेही बंद पडते.

पहिले काम म्हणजे संगणक पुन्हा ऑटोमॅटिक करावा आणि तसाच राहू द्यावा. विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्ज उघडून नेटवर्क अँड इंटरनेट मध्ये जावे, तार असेल तर इथरनेट निवडावे, तिथे आयपी असाइनमेंट या ओळीसमोर एडिट दाबून मॅन्युअलच्या जागी ऑटोमॅटिक डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटण्याची पद्धत) करून जतन करावे. विंडोज ११ मध्ये त्याच ठिकाणी डीएनएससाठी (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सोयीसाठी) वेगळी ओळ असते. तीही ऑटोमॅटिक आहे ना, हे पाहावे, कारण जुना डीएनएस मागे राहिला तर अर्धेच काम होते.

त्यानंतर शोधपेटीत सीएमडी ही तीन अक्षरे टाइप करून काळी खिडकी उघडावी आणि तिच्यात आयपीकॉन्फिग हा शब्द, एक मोकळी जागा, मग प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरपी रेघ आणि तिला चिकटून ऑल, असे इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर दाबावे. (या उत्तरात मी अंक देवनागरीत लिहिले आहेत, संगणकात भरताना ते इंग्रजीच भरावे लागतात, मराठी कळफलक चालू राहिला तर चौकट ते घेणार नाही.) बऱ्याच ओळी येतील. त्यांतल्या चार कागदावर उतरवून घ्याव्यात: आयपीव्ही४ अॅड्रेस, डिफॉल्ट गेटवे, डीएचसीपी सर्व्हर आणि फिजिकल अॅड्रेस. या चारांतही माझे लक्ष आधी डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीवर जाते, कारण पत्ता कोणता मिळाला यापेक्षा तो कोणी दिला हे कळणे जास्त उपयोगाचे असते.

एक प्रसंग सांगतो. दौलतगंजातल्या एका वाड्यात रोज सकाळी दोन-तीन उपकरणे चालत आणि दोन-तीन बंद असत, आणि ती कोणती हे रोज बदलत असे. त्याआधी दोघांनी येऊन संगणकांत वेगवेगळे आकडे भरून ठेवले होते. मी एकेका यंत्रावर ती एक ओळ वाचत गेलो. चालणाऱ्या सगळ्यांना पत्ता मुख्य डब्याने दिला होता, आणि बंद असलेल्यांना कोणा एका १९२.१६८.१.२५४ ने. हा २५४ कोण, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. तारेचा माग काढत गेलो तेव्हा देवघराशेजारच्या कपाटामागे, धुळीत बुडालेला, एकच हिरवा दिवा लुकलुकत असलेला एक जुना राउटर सापडला. कोणी तरी तो केवळ तारा वाढवण्यासाठी म्हणून लावला होता आणि त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद करायचे राहिले होते. नवे यंत्र नेटवर्कवर आले की ते सगळ्यांना उद्देशून विचारते, मला कोणी पत्ता देता का, आणि साधारणपणे ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेते. दोघे वाटणारे असले की कोणाचे उत्तर आधी पोहोचेल हा नशिबाचा भाग होतो, आणि म्हणूनच तिथला बिघाड रोज वेगळा दिसत होता.

आपल्याकडे दोन वाटणारे एकमेकांच्या पायात येत नाहीत, कारण माडीवरच्या राउटरमध्ये खालून आलेली तार बहुधा त्याच्या वॅन लिहिलेल्या, बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीच्या वेगळ्या रंगाच्या खाचेत लावली आहे. त्यामुळे तो राउटर माडीला एक स्वतंत्र घर समजतो, आपल्या मागे १९२.१६८.०.० चे नेटवर्क चालवतो, आणि खालच्यांना त्याच्या दाराआडचे काही दिसू देत नाही. प्रिंटर त्या दाराआड आहे. माडीवरचा लॅपटॉप खालच्या संगणकापर्यंत पोहोचू शकेल, पण खालचा संगणक प्रिंटरपर्यंत पोहोचणार नाही. खालच्या संगणकात कोणतेही आकडे भरले तरी हे दार उघडत नाही, हे नीट लक्षात घ्यावे; आपला मूळ प्रश्न तिथेच निकाली निघतो.

उपाय असा की माडीवरच्या राउटरचे राउटरपण काढून घ्यावे आणि त्याला फक्त वाय-फाय पसरवण्याच्या कामाला ठेवावे. पुष्कळ राउटरांच्या पानावर अॅक्सेस पॉइंट मोड अशी एकच निवड असते. ती असेल तर निवडून राउटर पुन्हा चालू होऊ द्यावा, एवढ्यानेच भागते. ती नसेल तर हाताने करावे लागते आणि तिथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी खालून आलेली तार त्या राउटरमधून काढावी. मग लॅपटॉप एका तारेने त्याच्या लॅन (घरातल्या यंत्रांसाठीच्या) खाचेत जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडावे. तिथे लॅनच्या पानावर राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करावा. तो पुन्हा चालू झाला की नव्या पत्त्याने पान उघडून डीएचसीपी सर्व्हर बंद करावा. शेवटी खालून आलेली तार वॅनमध्ये न लावता लॅनच्या चार खाचांपैकी एकीत लावावी. डीएचसीपी आधी बंद केला आणि पत्ता बदलायचा राहिला तर लॅपटॉपला पत्ता द्यायला कोणी उरत नाही आणि राउटरचे पान उघडेनासे होते. असे झालेच तर लॅपटॉपमध्ये तेवढ्यापुरता १९२.१६८.०.१० हा पत्ता हाताने भरून आत जाता येते, आणि काम झाले की तो लगेच काढून टाकायचा असतो. हाताने पत्ता भरण्याचा खरा उपयोग मला तरी अशाच जागी होतो.

एवढे झाले की माडी आणि बैठक एकाच पिन कोडात येतात आणि सगळ्यांना पत्ते खालचा डबा एकटाच देतो. वाय-फायचे नाव आणि पासवर्ड माडीवर पूर्वीचेच ठेवले तर तिथल्या कोणाला काही बदलल्याचे कळणारही नाही. वाड्याच्या दीड-दोन हात जाडीच्या दगडी भिंती पाहता खालून वर तार नेली हे फार चांगले केले. ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय अशा भिंतीपुढे टिकत नाही आणि २.४ चेही जेमतेमच पलीकडे जाते.

राहिला प्रिंटर. लाइट जाऊन आली की तो हरवतो याचे कारण समजण्यासारखे आहे. राउटर पत्ता कायमचा देत नाही, ठरावीक मुदतीच्या भाड्याने देतो, आणि निम्मी मुदत संपली की यंत्र तो पुन्हा मागून वाढवून घेते. साध्या राउटरांपैकी पुष्कळांची ही भाडेकरूंची वही केवळ तात्पुरत्या स्मृतीत असते, म्हणजे लाइट गेली की वही कोरी. लाइट आल्यावर जो आधी मागेल त्याला पहिला मोकळा पत्ता मिळू शकतो. काल प्रिंटरकडे असलेला १०३ आज कोणाच्या तरी मोबाइलकडे जातो आणि प्रिंटरला १०६ मिळतो. विंडोजने मात्र प्रिंटर बसवताना १०३ हाच पत्ता पोर्ट म्हणून लिहून ठेवलेला असतो. ते १०३ ला हाक मारत राहते, मोबाइल छापण्याच्या विनंतीला दाद देत नाही, आणि पडद्यावर ऑफलाइन असे उमटते.

यावर उपाय म्हणजे प्रिंटरचा पत्ता डब्यातच राखून ठेवणे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडावे; आत जाण्याचे नाव आणि पासवर्ड बहुधा डब्याच्या खालच्या चिकटपट्टीवर छापलेले असतात. लॅन किंवा डीएचसीपी या शीर्षकाखाली अॅड्रेस रिझर्व्हेशन, स्टॅटिक लीज किंवा मॅक बाइंडिंग यांपैकी काही तरी नाव असलेला भाग सापडेल. तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा पत्ता, विंडोज त्यालाच फिजिकल अॅड्रेस म्हणते) आणि त्याला द्यायचा आयपी पत्ता, अशी जोडी लिहायची. मॅक पत्ता बारा अक्षरांचा असतो, दोन-दोनच्या सहा जोड्यांत लिहिलेला, आणि तो प्रिंटरच्या नेटवर्क माहितीच्या पानावर छापून मिळतो. बहुतेक प्रिंटरांत हे पान पडद्यावरच्या सेटिंग्जमधून किंवा एखादे बटण काही सेकंद दाबून धरल्यावर निघते. त्यात शून्य आणि ओ यांचा घोटाळा होऊ देऊ नये: ही अक्षरे ० ते ९ आणि इंग्रजी ए ते एफ एवढीच असतात, त्यामुळे ओ कधीच नसतो. प्रिंटर तारेने आणि वाय-फायने दोन्ही प्रकारे जोडता येत असेल तर त्याला दोन वेगळे मॅक पत्ते असतात. जी जोडणी वापरात आहे तिचाच घ्यावा.

त्याच पानावर पत्ते वाटण्याचा टापूही आखता येतो. मी शक्यतो १०० ते १९९ एवढाच वाटपासाठी ठेवतो आणि १० ते ५० हे राखीव कामांसाठी मोकळे सोडतो, त्यामुळे कागदावर नुसता शेवटचा आकडा पाहूनही यंत्र कोणत्या प्रकारचे आहे ते कळते. काही डबे मात्र राखीव पत्ताही टापूच्या आतलाच मागतात. तसे असेल तर १९० वगैरे द्यावा, हट्ट धरू नये. नोंद केल्यावर प्रिंटर एकदा बंद करून चालू करावा, नवा पत्ता घेतला की नाही ते पान छापून पाहावे, आणि मग विंडोजमधला जुना प्रिंटर काढून नव्या पत्त्याने पुन्हा जोडावा. हे पुन्हा जोडणे लोक विसरतात आणि राखीव पत्त्याला नावे ठेवतात.

मोबाइलसाठी असा पत्ता राखायला जाऊ नये. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर २०२० च्या चौदाव्या आवृत्तीपासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी स्वतःचा खरा मॅक पत्ता लपवून वेगळाच सांगतात. त्यामागचा हेतू चांगला आहे, आणि घरात फोनला ठरलेला पत्ता लागतोच कशाला!

काही कंपन्यांच्या डब्यात हा भाग कुलूपबंद असतो, आणि मदतीच्या क्रमांकावर फोन केला तरी तो उघडून मिळतोच असे नाही. अशा वेळी पत्ता यंत्रातच हाताने भरावा लागतो, आणि आपण विचारलेले आकडे इथे कामाला येतात. आपल्या संगणकात, किंवा प्रिंटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये, ते असे भरावेत. आयपी पत्ता १९२.१६८.१.२५०, शेवटचा आकडा वाटपाच्या टापूबाहेरचा हवा, आणि तो ० किंवा २५५ कधीच नसावा, कारण पहिला साऱ्या नेटवर्कचे नाव असतो आणि दुसरा सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी राखलेला असतो. टापू २ पासून २५४ पर्यंत पसरलेला असेल तर बाहेर जागाच उरत नाही. तेव्हा शेवटाकडचा एखादा आकडा घ्यावा, पण तो कधी तरी दुसऱ्याला दिला जाण्याचा धोका पत्करून. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. विंडोज १० च्या सेटिंग्जमध्ये हीच चौकट सबनेट प्रीफिक्स लेंग्थ या नावाने येते आणि तिथे नुसते २४ लिहायचे असते, कारण पिनच्या भागाचे बिट चोवीस आहेत. तिथे पूर्ण मास्क भरला की ते जतन करायला नकार देते आणि आपले काय चुकले हे काही सांगत नाही. गेटवे १९२.१६८.१.१. डीएनएसच्या पहिल्या चौकटीतही तोच पत्ता चालतो, आणि दुसऱ्या चौकटीत ८.८.८.८ किंवा १.१.१.१ यांपैकी एक भरावा; पहिला गूगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा. आकड्यांपुढे शोभेची शून्ये लावू नयेत. ०१० असे लिहिले तर काही प्रोग्रॅम तो आकडा अष्टमान पद्धतीचा समजून आठ असा वाचतात.

लॅपटॉपमध्ये मात्र असे करू नये. जुन्या कंट्रोल पॅनेलमधून भरलेला पत्ता त्या नेटवर्क कार्डाला चिकटून राहतो आणि लॅपटॉप दुसऱ्या घरी नेला की तिथले वाय-फाय जोडले जाऊनही काही चालत नाही. अॅपलच्या मॅक संगणकावर हेच काम सिस्टिम सेटिंग्जमध्ये टीसीपी-आयपीच्या पानावर होते.

हाताने पत्ता भरण्याआधी तो रिकामा आहे ना, हे तपासावे. दुसऱ्या एखाद्या यंत्राच्या काळ्या खिडकीत पिंग (समोरचे यंत्र उत्तर देते का हे पाहणारी आज्ञा) आणि तो पत्ता असे इंग्रजी अक्षरांत लिहून पाहावे. उत्तर न येणे चांगले, तरी विंडोजचे फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तर देऊ देत नाही, म्हणून त्यावर पूर्ण विसंबू नये. पत्ता भरल्यानंतरची एक तपासणी मला अधिक खात्रीची वाटते. ज्या यंत्रात पत्ता भरला त्याची तार चक्क उपसून काढावी आणि मग दुसरीकडून त्या पत्त्याला पिंग करावे. मुरारमधल्या एका दुकानात मी असेच बिलाच्या संगणकाची तार हातात धरून उभा होतो आणि पलीकडच्या पडद्यावर त्याच संगणकाच्या पत्त्यावरून एकामागून एक उत्तरे येत होती. उत्तर देणारा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर होता. त्याच्यातही कोणी तरी हाच पत्ता भरून ठेवला होता, आणि दुकानदार दोन महिने संगणक मंद झाला म्हणून त्याची स्मृती वाढवत बसले होते.

लाइटीची बाब एका गोष्टीने पुष्कळ सुधारेल. फायबरचा डबा आणि माडीवरचा राउटर यांना बारा व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात; आपल्या डब्यांच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर किती लिहिले आहेत ते पाहूनच घ्यावेत, कारण सगळेच डबे बारा व्होल्टचे नसतात. उन्हाळ्यात दिवसातून चारदा लाइट गेली तरी मग भाडेकरूंची वही कोरी होणार नाही. यूपीएस नसेल तर आणखी एक घोटाळा दिसतो: लाइट आल्यावर प्रिंटर डब्याच्या आधी जागा होतो, पत्ता मागतो, कोणी उत्तर देत नाही, आणि तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता घेऊन बसतो. हा आकडा कोणत्याही यंत्रावर दिसला तर त्याचा अर्थ एकच, पत्ता देणारा सापडला नाही. तिथे आकडे भरण्याऐवजी तार, राउटर आणि त्याचा डीएचसीपी पाहावा, आणि डबा पूर्ण चालू झाल्यावर ते यंत्र एकदा बंद करून सुरू करावे.

सगळे जोडून झाल्यावर काळ्या खिडकीत आधी पिंग १९२.१६८.१.१ करावे, मग प्रिंटरच्या पत्त्याला, मग ८.८.८.८ ला, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला, तेही पिंग हा शब्द आणि मोकळी जागा यांनंतर उणे चिन्ह आणि चार हा अंक लिहून, म्हणजे तपासणी चौथ्या आवृत्तीचीच होईल आणि यूट्यूबसारखी फसगत होणार नाही. पहिलेच अडखळले तर तार किंवा पत्ता चुकला आहे. फक्त प्रिंटर अडखळला तर माडीवरची तार अजून वॅनच्या खाचेत आहे का ते पाहावे. ८.८.८.८ उत्तर देते आणि नाव सापडत नाही, असे झाले तर दोष डीएनएसच्या चौकटीत आहे. यांपैकी कुठे थांबले ते, वर उतरवून घेतलेल्या चार ओळी, आणि माडीवरच्या राउटरमध्ये तार कोणत्या खाचेत आहे याचा एक फोटो एवढे पाठवलेत तर पुढचे सांगता येईल.